नागपुरात सध्या चालू

आमच्या पांढुर्ण्यातून कोणीही नागपूरला निघालं की दौलतकाका त्याला स्टेशनच्या रस्त्यावर गाठत. माणूस लग्नाचा बस्ता आणायला चाललेला असो की मूतखड्याचं ऑपरेशन करून घ्यायला, काका म्हणत, "नागपूरले चालले ना? मंग चित्राच्या हॉलमध्ये जाऊन या. जलरंग चालू हाये. ऐतवारपर्यंतच."

मूतखडेवाला पोट धरून बघत राही.

"उभ्याउभ्यानंच पाह्यचं असते," काका त्याला धीर देत, "बसा लागत नाई."

काका संत्र्याच्या वखारीत पेट्यांवर छापे मारत. पत्र्यात कापलेला साचा पेटीवर धरायचा, काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा, की व्यापाऱ्याचं नाव उमटलं. माल डागी निघाला तर पेटीच्या कोपऱ्यात लाल ठिपका. लाल ठिपक्याची पेटी दिल्लीच्या गाडीत चढत नसे, इथल्याच हर्रासीत, म्हणजे लिलावात, जाई. तो ठिपका मारताना काका मान दुसरीकडे वळवत.

संध्याकाळी सगळ्यांचं वाचून झालं की सलूनमधला नागपूरचा पेपर त्यांच्या हाती येई. त्यातली चित्रप्रदर्शनांची यादी ते पेटीच्या एका फळीवर खडूनं उतरवून काढत आणि ती फळी आपल्या दाराशेजारी टांगत. वर कायमचा छापा मारलेला होता: नागपुरात सध्या चालू.

"हिरो कोन हाये, काका?" जाणारे-येणारे विचारत.

"हिरो नाई. तैलरंग हाये."

त्यांचं दार आमच्या दाराला लागून. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, काका एकटेच राहत. कोणाशी बोलायचं तर उंबऱ्यावर उभे राहून, मागचं दार ओढून घेऊन. आत काय आहे ते आमच्या आईनंही पाहिलं नव्हतं.

मी नागपूरला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले होते. त्यामुळे काकांच्या लेखी मी मोठी जाणकार. "जयभीम, बेबी. तू तं सारेच हॉल पाह्यले असशीन," ते म्हणत आणि मी होकाराची मान हलवी. ते खोटं होतं. त्या काचेच्या दारांसमोरून मी कितीदा गेले होते, आणि दर वेळी चालण्याचा वेग वाढवला होता. आत गेल्यावर कोणी काही विचारलं तर? मला दुकानात सेफ्टी पिन मागतानाही घाम फुटायचा.

एकदा मीच, आपलं खोटं उघडं पडण्याआधी, उलटा प्रश्न टाकला. "काका, दारातून आत गेलं की डावीकडे काय आहे हो?"

"डावीकडे?" काकांनी खडू या हातातून त्या हातात घेतला. "डावीकडे फोटो हाये."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडेही फोटोच."

मग त्यांनी फळीकडे तोंड फिरवून यादी लिहायला घेतली.

त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी आमच्या दारात आले. हातात पेपरचा तुकडा. त्यात एका चित्राचा पुसट फोटो होता: मातीचं गाडगं आणि दोन संत्री.

"बेबी, परवा शेवटचा दिवस हाये. याच्या सालीवर चित्रवाल्यानं डाग काढला का नाई, तेवढं पाह्यचं हाये मले. पेपरात दिसून नाई राहिलं." ते थांबले. "म्या आजवर एकही हॉल पाह्यला नाई. दारावरच्यानं इंग्रजीत इचारलं तं मले का सांगता येईन? तू चाल ना व संग."

मी पण पाहिलेला नाही, हे मला म्हणता आलं नाही. आतून आई म्हणाली, "जाते ती. एवढं शिकून घरात बसून का लोनचं घालते?"

त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. इंग्रजी शाळेत इंग्रजी शिकवतात, अनोळखी माणसाशी बोलायचं धाडस शिकवत नाहीत.

पॅसेंजरमध्ये काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पाठ न टेकता बसले होते. "एक वाक्य शिकवून ठेव," ते म्हणाले. मी शिकवलं, "वी हॅव कम टु सी द पेंटिंग्ज." नरखेडपर्यंत त्यांनी ते बरोबर म्हटलं. काटोलला त्याचं "वी कम पेंटिंग" झालं. पुढे ते खिडकीच्या गजाला घट्ट धरून बसले. मीही तेच वाक्य मनात घोकत होते.

हॉलचं दार काचेचंच होतं. शेजारी खुर्चीवर गणवेशातला वॉचमन. काका पायरीच्या खाली थांबले.

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "मी इथून पायतो."

"इथून काय दिसणार, काका?"

"दिसते थोडंसं." मग हळूच म्हणाले, "लहानपनी शाळेत चित्रं मांडली होती. म्या काढलेला बैल होता त्यात. मास्तरनं मले आत नाई येऊ देल्लं. म्हने, तू खिडकीतून पाय. खिडकीतून शेपूट तेवढं दिसलं."

मी त्यांची बाही धरली. कोणाची बाही अशी मी आयुष्यात पहिल्यांदा धरली असेन. आम्ही दोघं पायऱ्या चढलो. वॉचमननं मान वर केली. शिकवलेलं वाक्य काकांच्या डोक्यातून केव्हाच उडालं होतं. त्यांनी दोन्ही हात शरीराला चिकटवले आणि शाळेच्या वर्गाबाहेर उभं राहावं तसे मोठ्यानं म्हणाले, "मे आय कम इन, सर?"

वॉचमननं तोंडातला फुटाणा गिळला. "जा ना बाप्पा," तो म्हणाला, "कोन अडवून राहिलं?"

आत गेल्यावर काका बराच वेळ दाराजवळच उभे होते. डावीकडे चित्रं होती. उजवीकडेही चित्रंच होती. "म्हटलं नोतं?" ते कुजबुजले.

मग ते भिंतीभिंतीनं चालू लागले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. संत्र्यांच्या चित्रासमोर ते थांबले. सालीवर डाग होता, तपकिरी, हुबेहूब. पण काका डागाकडे बघत नव्हते. चित्राच्या खाली, नावाच्या चिठ्ठीवर, लाल ठिपका होता.

"हे डागी?" ठिपक्याशी बोट नेत ते म्हणाले. "एवढं चांगलं, अन् डागी काढलं? कोन हाये इथचा छापेवाला? अन् ते गाडीबैलाचंही! सारे चांगलेच कसे डागी निघून राहिले, बेबी?"

टेबलावर चित्रांच्या किमतींचा, इंग्रजीत छापलेला कागद होता. तेवढ्यासाठी तर मला आणलं होतं. मी वाचला, पुन्हा वाचला. "काका, इथे लाल ठिपका म्हणजे ते चित्र विकलं गेलं. पसंत पडलं कोणाला तरी."

"बराबर वाच."

"बरोबरच वाचलं."

परतीच्या गाडीत काका बोटावरचा जुना लाल रंग नखानं खरवडत होते. माझं काही चुकलं की काय, ही धास्ती मला पांढुर्ण्यापर्यंत पुरली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशेजारची फळी कोरी होती, आणि दार उघडं होतं. सताड उघडं. मी उंबऱ्याशी घुटमळले. परत फिरावं असं फार वाटलं. मग म्हटलं, "मे आय कम इन, सर?"

"ये ना बाप्पा," आतून आवाज आला, "कोन अडवून राहिलं?"

आत चारही भिंतींवर पेटीच्या फळ्या ठोकलेल्या होत्या आणि प्रत्येक फळीवर चित्र. जाम नदीचं पात्र, सावरगावकडचा काठ, वखारीतल्या बायका, एक पूर्ण बैल, शेपटीपासून शिंगांपर्यंत. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल ठिपका.

"हे ठिपके कोणी लावले, काका?"

"म्याच. आपला माल आपल्याले समजते." त्यांच्या हातात रॉकेलनं भिजवलेलं फडकं होतं. "सकाळपासून घेऊन बसलो. पुसू का? लोकं पाहाले आले तं का म्हनतीन? मले भेव लागून राहिलं."

"राहू द्या," मी म्हणाले. "सगळी विकली गेलीत असं वाटेल."

काका हसले. मग खोलीभर नजर फिरवत एका फळीपाशी थांबले. त्यात काकू होत्या, पाठमोऱ्या, अंगणात संत्रं सोलत बसलेल्या. सालीची एक लांब पट्टी त्यांच्या मांडीवरून खाली लोंबत होती.

"हे नाई इकाचं," काका म्हणाले, आणि तेवढा एक ठिपका पुसायला लागले.