एकही डाग राहिला नाही

टप्!

बादलीत थेंब पडला आणि मी दचकले. बाथरूममध्ये इतका मिट्ट काळोख होता की डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते बोट लावून बघावं लागत होतं.

पण घाबरायचं कारण नव्हतं. योजना माझी होती, आणि योजना आखण्यात उज्जैनच्या अख्ख्या फ्रीगंजमध्ये माझा हात कोणी धरणार नाही! दाराच्या फटीत गोधडी कोंबलेली. झरोक्याला जुन्या छत्रीचं कापड. पाच वर्षांची ईरा जेवून गाढ झोपलेली. सासरे, म्हणजे भय्यासाहेब, टावर चौकात मित्रांबरोबर देश चालवायला गेलेले. सासूबाई भजनी मंडळात. नवरा रुचिर बँकेत. एक रोल धुवून होईल तेवढा वेळ घर माझं!

झालं असं की आमच्या कॉलेजात यंदाच ‘फिल्म आणि डिजिटल फोटोग्राफी’चा कोर्स सुरू झाला आणि मी नाव घातलं. डिजिटल कॅमेरा अख्ख्या वर्गात एकच. त्याच्या पोटात फ्लॉपी जाते. तो कपाटात कुलूपबंद असतो आणि उत्सवमूर्तीसारखा अधूनमधून दर्शनाला बाहेर काढतात. अरविंद सरांचा नियमच होता, “पहिले फिल्मचा रोल स्वतःच्या हाताने धुवा, मगच डिजिटलला हात लावा.” पहिली परीक्षाही तीच: घरच्या एका माणसाचे फोटो काढायचे, रोल धुवायचा, निगेटिव्ह सरांपुढे ठेवायच्या.

लेकुरवाळ्या सुनेने कॉलेजात जावं हे भय्यासाहेबांना मुळीच पटलेलं नव्हतं. “पहिल्या परीक्षेपर्यंत जा,” ते म्हणाले होते, “पास झालीस तर पुढे. नाहीतर हे नाटक बंद.” म्हणजे माझं सगळं शिक्षण त्या एका रोलला लटकलेलं!

माझ्या बाजूने भांडल्या त्या सासूबाई. म्हणून रोलही त्यांचाच काढला. अख्खा! माहेश्वरी नेसून, नथ घालून, अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. “जयू, नीट काढ हो,” म्हणाल्या, “पुढेमागे भिंतीवर लावायला एक धड फोटो नाही माझा. रेशनकार्डावर तर मी फरार आसामी दिसते.” मग फोटो काढता काढता गुडघ्यांचं पुराण झालं. कार्तिक लागला तरी क्षिप्रेवरच्या राम घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, यंदा स्नान राहिलंच, पुण्य बुडालं, वगैरे.

तर असा तो मौल्यवान रोल मी अंधारात चाचपडत एका प्लॅस्टिकच्या चक्रीवर चढवत होते. चक्री डब्यात गेली आणि झाकण लागलं की मग उजेड आला तरी चालतो. त्याआधी मात्र उजेडाचा एक कवडसा आला की खेळ खलास. आणि नेमका तिथेच रोल अडकला! पुढेही जाईना, मागेही येईना. दुकानात हट्ट धरून बसलेल्या पोरासारखा.

तेवढ्यात बाहेर गल्लीत आरोळी उठली, “नल आ गए!”

आमच्या उज्जैनला पाणी येत नाही, नळ येतात. नाशिकच्या मावशीला मी एकदा फोनवर “आमचे नळ गेले” म्हटलं, तर ती म्हणाली, “अगंबाई! पोलिसात कळवलंत का?” नळांची वेळ सकाळची. भर दुपारी ते कधी येत नाहीत. त्या दिवशी आले! आणि नळ आल्यावर भजनी मंडळ काय करतं? विठ्ठलाला अर्ध्या अभंगात सोडून घराकडे धावतं.

दार धडधडलं.

“जयू! अगं नळ आले! उघड, बादल्या लावायच्यात!”

“आई, उघडता येत नाही!”

“कडी अडकली का?”

“कडी ठीक आहे. पण उजेड येईल!”

“मग येऊ दे की!”

“नको! उजेड आला तर सगळं काळं होईल!”

फोटोच्या शास्त्रात मी बोलले ते शंभर टक्के खरं होतं. पण दाराबाहेर शास्त्र कोणाला ठाऊक!

शेजारच्या मालवीय भाभींचा आवाज आला. “क्या हुआ आंटीजी?”

“बहू अंधेरे में बैठी है,” सासूबाई रडवेल्या, “बोलती है, उजाला आया तो सब काला हो जाएगा!”

“हाय राम! ऐसा कब से?”

“कॉलेज जाने लगी तब से!”

“भाभी, कुछ नहीं हुआ मुझे!” मी आतून ओरडले. “बस चढ़ नहीं रही है! एक बार चढ़ जाए, फिर सब ठीक!”

मला ‘रील चढ़ नहीं रही’ म्हणायचं होतं. ‘रील’ म्हणायचंच राहिलं.

भाभी कुजबुजल्या. त्यांची कुजबुज पार लांबच्या नानाखेड्यापर्यंत जाते. “आंटीजी, खुद बोल रही है कि चढ़ रही है. मैं उतारे का नींबू लाती हूँ. आप घाट वाले पंडितजी को बुलवा लो.”

मग भय्यासाहेब आले. “हा काय तमाशा आहे? सूनबाई, उघडतेस की दार तोडू?”

“बाबा, तोडू नका! माझं कॉलेज जाईल!”

“बघा, बघा,” सासूबाई म्हणाल्या, “दाराचा अन् कॉलेजचा काय संबंध? भ्रमिष्टच झाली पोर!”

आणि ह्या गदारोळात बारीक, झोपाळू आवाज आला. “आई... सुसू.”

बायांनो, सासऱ्यांना थांबवता येतं, पंडितजींना थांबवता येतं. ह्याला नाही! मी चक्रीला एक हिसका दिला आणि त्या हिसक्यानेच की काय, रोल सर्रकन चक्रीवर चढला. मी चक्री डब्यात कोंबली, झाकण फिरवलं, दार उघडलं.

समोर अर्धी गल्ली, हातात बादल्या. भाभींच्या हातात नींबू. आणि मधोमध ईरा, पायाशी छोटंसं तळं. उशीर झाला होता.

मी डब्यात डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं औषध, ओतलं. आता डबा सारखा हलवत राहायचा. पण लेक ओली चिंब उभी, ओठ बाहेर काढून.

“दे इकडे,” सासूबाई म्हणाल्या. आपली सून शुद्धीवर आहे हे बघून त्यांना हुंदका आला होता. “मी हलवते. ताकच घुसळायचं ना?”

“हो आई. नुसता हलवत राहा. मग धुवायचाय तो.”

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

ईराला कोरडं केलं, कुशीत घेऊन तिची समजूत काढली, भाभींना निरोप दिला आणि परत आले. सासूबाई मोरीपाशी पाटावर बसलेल्या. डबा उघडा. एका हातात माझी फिल्म, दुसऱ्या हातात भांडी घासायचा काथ्या!

“म्हटलं पोर दमलीय, मीच धुऊन टाकते,” त्या अभिमानाने म्हणाल्या. “शी, काय ती घाण गं! वर सगळी दुधट साय, मधे मधे काळे डाग. साबणाने जाईनात. मग कढत पाणी घेतलं अन् जोर लावून घासलं. आता बघ! एकही डाग राहिला नाही!”

खरंच नव्हता. मी फिल्म अंगणाच्या दाराकडे धरली. तिच्यातून मालवीय भाभींच्या बादल्या स्वच्छ दिसत होत्या.

“छान धुतलाय, आई,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण माझा चेहरा बघून त्या चपापल्या.

“त्या डागांत काही होतं का गं?”

“तुम्ही होतात.”

“सगळी मीच?”

“सगळ्या तुम्हीच.”

“नथीसकट?”

“नथीसकट.”

त्या हातातल्या काथ्याकडे बघत बसल्या. भय्यासाहेबांनी घसा खाकरला. “सुमन, सगळ्यांना धुऊन काढता काढता आज स्वतःलाच धुतलंस की!”

त्या हसल्या नाहीत. पदराने फिल्म पुसून त्यांनी ती माझ्या हातात दिली. “तुझं कॉलेज गेलं का गं माझ्यामुळे?” इतक्या हळू विचारलं की मला माझा राग सापडेचना.

दुसऱ्या दिवशी अरविंद सरांनी ती फिल्म दिव्यासमोर धरली. उलटी केली. चष्मा काढून पाहिली. “डेव्हलपर कोणता वापरलात?”

“सासूबाई, सर.”

वर्ग खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत, बहुधा त्यांनाही आई असावी. दुसरा रोल काढून देत म्हणाले, “सोमवारी परत.”

घरी भय्यासाहेबांनी विचारलं, “नापास?”

“नाही. परत धुवायचाय.”

सासूबाई नथ शोधायला उठल्यासुद्धा! भय्यासाहेब म्हणाले, “ह्या वेळी दाराशी खुर्ची टाकून मी बसतो. नळ आले तरी उठणार नाही. आणि सुमन, तू काथ्या माझ्याकडे जमा कर.”

ईरा झोपलीय तोवर हे लिहून घेत होते. पण ती केव्हाच उठलीय. ती स्वच्छ फिल्म डोळ्याला लावून घरभर हिंडतेय, आणि आत्ता माझ्या कोपराशी येऊन उभी राहिलीय.

“आई, ह्यातली आजी धुतल्यावर कुठे गेली?”

“मोरीत.”

“मोरीतून?”

“नाल्यात.”

“नाल्यातून?”

“क्षिप्रेत, बाळा.”

तिने बराच विचार केला. “म्हणजे आजीचं स्नान झालं!”

“झालं म्हणायचं.”

“मग आई, पुण्य कोणाला मिळालं? आजीला, की फोटोतल्या आजीला?”