कोठावळ्यांच्या घरचा वडीलधारा चाकू

कुर्डवलीत लग्नाच्या अर्जावर घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याची संमती लागते, मग ते माणूस असो, जातं असो की चाकू. वस्तू फक्त रोजच्या वापरातली हवी. कपाटात जपून ठेवलेल्या वस्तूला घरचं कुणी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

नागनाथ कोठावळेला नाद होता खिशात मावणाऱ्या जुन्या, घडीच्या चाकूंचा. बाजारातून एकेक उचलून आणायचा, मूठ-पातं न्याहाळून साल ठरवायचा आणि आळीपाळीनं वापरायचा. बायको म्हणायची, "एवढे चाकू, आणि कांदा चिरायला मला विळीच!"

त्याच्या लेकीचं, शिल्पाचं लग्न अकरा महिने अडलं होतं. मुलगा सगळ्यांना पसंत. नागनाथच्या वडिलांना, आप्पांनासुद्धा. पण अर्ज पुढे केला की आप्पा म्हणत, "विचार करतो," आणि भिंतीकडे बघत बसत. आता मुलाकडचे वैतागले होते. पंधरवड्यात कागद आला नाही तर ते दुसरीकडे बघणार होते. शिल्पा जेवत नव्हती.

मागच्या महिन्यात आणलेला सांबरशिंगी मुठीचा चाकू आप्पांहून मोठा निघाला तर? नागनाथ तो घेऊन ज्येष्ठता कचेरीत गेला.

तिथल्या बिडवेबाईंनी चाकू उघडून नाकाशी धरला. "वापरात आहे?"

"हल्ली रोज. काल पपई कापली."

"वास येतोय. साल?"

"मुठीच्या रिबिटा लोखंडी आहेत. महायुद्धात पितळ मिळेना, तेव्हाच्या. म्हणजे चाळीस ते पंचेचाळीस."

"आणि आप्पा?"

"त्रेचाळीसचे."

"मग हा त्यांच्या अलीकडचा की पलीकडचा?"

"अंदाजे..." नागनाथ अडखळला. जन्मभर त्याचं 'अंदाजे'वर भागलं होतं. बेचाळीस म्हणावं तर लेकीचं भलं, चव्वेचाळीस म्हणावं तर बापाचा मान, आणि खरं काय ते देव जाणे.

"अंदाजे वडील असं काही नसतं हो," बाई म्हणाल्या. "घरच्या माणसाची साक्ष आणा."

घरी येऊन त्यानं भीतभीत चाकू आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो उलटापालटा केला. मुठीच्या टोकाला बारीक व्रण होते, त्यांवरून त्यांचा अंगठा फिरत राहिला.

"कुठे मिळाला रे तुला?"

"शनिवारच्या बाजारात."

"हे माझे दात आहेत. पहिले. माझ्या बापाचा चाकू हा, हरवला होता. सुईण वेळेवर आली नाही तेव्हा बापानं माझी नाळ यानंच कापली. आई सांगायची."

"म्हणजे तुमच्या आधी..."

"म्हणजे हा मोठा." आप्पांनी चाकू खुर्चीवर ठेवला आणि गुडघे धरत धरत खाली वाकून नमस्कार केला. मग ते सतरंजीवरच बसले. "सतरा वर्षांचा होतो बाप गेला तेव्हा. तेव्हापासून विचारायला वर कुणी नाही. मळा विकला, ते चुकलं. तुझ्या आत्याला त्या घरी दिली, ते तर फारच चुकलं. मला सहीची भीती वाटते रे नागू."

आप्पा रडायला लागले. बाप रडताना नागनाथनं कधी पाहिला नव्हता. गडबडीत त्यानं पाण्याचा तांब्या आप्पांऐवजी चाकूपुढे ठेवला. आप्पांना त्यात काही गैर वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साक्ष नोंदली गेली. बिडवेबाईंनी चाकूला विचारलं, "नात शिल्पा हिचं लग्न मान्य आहे?" चाकू काही बोलला नाही. नियमाप्रमाणे त्यांनी तीनदा विचारलं.

"मौन म्हणजे संमती," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. शिल्पा त्या दुपारी चार भाकऱ्या जेवली.

संध्याकाळी नागनाथ पेरू घेऊन बसला आणि अडला. वडीलधाऱ्या चाकूनं पेरू कसा कापायचा? न कापावा, तर वापर थांबून ज्येष्ठता जाणार. शेवटी त्यानं आधी माफी मागितली, पेरू कापला, पातं पुसलं आणि चाकू पुन्हा खुर्चीत ठेवला. हे असंच चालणार की काय, त्याला काही उमगेना.

तेवढ्यात आप्पा चपला घालून खुर्चीसमोर येऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

"जरा नदीवर जाऊन येऊ?" त्यांनी विचारलं.

चाकू काही बोलला नाही. आप्पा दोन फोडी उचलून जवळजवळ पळतच फाटकाबाहेर पडले.

"अहो, आप्पा कुठे गेले?" बायकोनं आतून विचारलं.

"नदीवर," नागनाथ म्हणाला. "विचारून गेलेत."