सुभेदारांच्या घरातला लाल कोपरा

भरदुपारी पलीकडच्या घरात खाट ओढल्याचा आवाज आला, की आमची ही म्हणायची, "निघाली सुभेदारांची पलटण."

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. सांगलीत आमची दोन घरं एका भिंतीची, वर एकच पत्रा. पलीकडे कडेगावकडचे निवृत्त सुभेदार निकम आणि त्यांची बायको हौसाकाकू. काकूंना अर्धांगवायू झालेला, वाचाही गेलेली. पत्रा तापला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मग सुभेदार स्वतःलाच हुकूम सोडायचे, "पोझिशन बदल!" आणि काकूंसकट खाट ओढत घरभर फिरायचे.

भिंतीवर त्यांचा तक्ता होता. चौकटीच्या कागदावर घर काढलेलं, एक चौकट म्हणजे एक फरशी. गार जागा फिकट पिवळी, पुढं केशरी, मग शेंदरी, आणि सगळ्यात वाईट ती गडद लाल. सकाळ, दुपार, संध्याकाळ, असे तीन कागद. हातात थर्मामीटर, कानावर रंगीत पेन्सिल, अशा थाटात ते फरशीवर रांगत असायचे.

"ह्यो लाल कसा सरकतो बघा," ते मला दाखवायचे. "सकाळी उगवतीला, दुपारी मधी, सांजंला मावळतीला. दुश्मन हाय, पण शिस्तीचा हाय गड्या!"

एक दिवस डॉक्टर काकूंची पाठ बघून चिडले. "सुभेदार, ही ओढाताण बंद करा. पाठ सोलली तर जखम भरायची नाही. एक गार जागा धरा."

मी हळदीच्या पेढीवर हिशेबनीस. आकड्याचं काम निघाल्यावर मला घरात बसवेना. थर्मामीटर घेऊन मी एक अख्खा रविवार त्यांच्या घरात घालवला. मोरीजवळच्या कोपऱ्यात तिन्ही वेळा पारा सगळ्यात खाली. तक्त्यावर बघतो, तर तोच कोपरा तिन्ही कागदांवर लालभडक! बाकीचा लाल सरकत होता, हा जागचा हलत नव्हता.

"सुभेदार, इथं तुमचं चुकलंय."

"न्हाई चुकलं."

"अहो, पण पारा..."

"पारा तुमचा. रंग माझा."

मी हट्टच धरला. दोघांनी खाट उचलून कोपऱ्यात ठेवली.  थोड्या वेळानं काकूंचा डावा हात खाटेच्या दांडीवर आपटू लागला. कपाळावर घाम आला. मान वळवायचा प्रयत्न करून करून त्या रडायला लागल्या.

"खाटंजवळ बसा," सुभेदार म्हणाले. "काय दिसतंय?"

"भिंत."

"मी दिसतोय?"

ते घराच्या पुढच्या भागात, स्टोव्हपाशी उभे होते. मधे आडवी भिंत.

"भाकरी थापताना मी दिसलो न्हाई, की ती अशी तापती. थर्मामीटर फरशीला लावत्यात हिशेबनीस. मी तिच्या तोंडाकडं बघून रंग भरतो."

मग तो पारा कशासाठी, असं मी विचारलं.

"लोकं यडा म्हणत्यात. हातात यंत्र असलं, की जरा कमी म्हणत्यात."

मी उठलो आणि स्टोव्हला हात घातला. "धरा पलीकडून. खाट नाही हलत, तर हा हलेल."

स्टोव्ह, परात, पिठाचा डबा, सगळं मोरीजवळ आलं. सुभेदार काकूंकडे तोंड करून भाकरी थापायला बसले. काकूंचा हात दांडीवर शांत पडला.

सवयीनं मी पुन्हा मोजलं. स्टोव्हमुळे कोपऱ्यातला पारा दोन अंश चढला होता.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर सुभेदारांनी तक्त्यावरच्या त्या लाल कोपऱ्यावर कोरा कागद चिकटवला होता आणि तो पिवळा रंगवत बसले होते.