साखराबाईचा पाऊस

केजजवळच्या एका गावात दूध संस्थेच्या आवारात परदेशी कंपनीनं पाऊस मोजायचं यंत्र बसवलं. चेअरमन सुंदररावांनी कॅन धुणाऱ्या साखराबाईला लगेच बजावलं, "यंत्र आरशावानी चकचकीत ठेवायचं. इलायती हाय!"

दोन वर्षं पाऊस फिरकला नव्हता. गाव टँकरवर जगत होतं आणि साखराबाई कॅन विसळलेलं पाणीही वाया घालवत नसे. सोमवारी तिनं त्यातलेच दोन तांबे यंत्राच्या डोक्यावर ओतले आणि पदरानं ते लख्ख पुसलं.

मंगळवारी टँकर आला नाही.

सुंदररावांनी तहसीलला फोन लावला. कारकून म्हणाला, "काल तुमच्याकडं सत्तर मिलिमीटर पाऊस झालाय. टँकर कशाला?"

"कुठला पाऊस? हितं चिमणीला प्यायला पाणी न्हाई!"

"आकडा थेट परदेशातून येतो. तो चुकत नसतो."

पूर्वी कोतवाल धुळाजी काचेच्या नळीनं पाऊस मोजायचा. यंत्र आलं तशी ती नळी तहसीलनं जमा करून घेतली. आता यंत्राची किल्लीसुद्धा कंपनीकडंच.

गुरुवारी तक्रारीवरून कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. साखराबाईनं सगळं सांगून टाकलं.

"हिनंच केलं. संस्थेचा काय संबंध न्हाई," सुंदरराव घाईनं म्हणाले.

इंजिनिअर हसला. "दोन तांब्यांत सत्तर मिलिमीटर? शक्यच नाही. ओतून दाखवा."

"काय ओतू, सायेब?" साखराबाई म्हणाली. "टँकर बंद हाय."

सगळ्यांचं लक्ष त्याच्या हातातल्या बाटलीकडं गेलं. नाइलाजानं त्यानं ती यंत्रावर उपडी केली. लॅपटॉपवर आकडा उमटला : तीस. मग भर उन्हात तो तासभर मुख्य कार्यालयाशी इंग्रजीत भांडला. नोंदलेला पाऊस पुसता येत नाही, एवढंच उत्तर मिळालं. उलट कंपनीच्या संदेशानं गावभर मोबाइल वाजले : 'समाधानकारक पाऊस. पेरणी करा.'

भांडून इंजिनिअरचा घसा सुकला. "जरा पाणी मिळेल?"

साखराबाईनं रिकामा तांब्या उपडा करून दाखवला.

मग मात्र तो फोनवर तहसीलदारांना असा काही बोलला, की दिवस मावळायच्या आत टँकर दारात. साखराबाईनं पहिला तांब्या त्यालाच दिला.

सुंदरराव सही करायला गेले आणि कागद वाचून थबकले. "ह्ये काय लिव्हलंय?"

"दुष्काळात तुमचं गाव बसत न्हाई म्हने," ड्रायव्हर म्हणाला. "लई पाऊस झालाय न्हवं?"

कागदावर कारण होतं : अतिवृष्टीग्रस्तांना तातडीची मदत.