चौदा तारखेची कोंबडी

फोटो या विषयात आपल्याला कुणी काही शिकवावं, ही गोष्ट शेणव्याच्या सावळारामला मुळातच मान्य नव्हती. शहापूरपासून मुरबाडपर्यंत हळदी-लग्नांचे फोटो काढून काढून त्याचा एक डोळा कायमचा बारीक झाला होता. भर पावसातल्या लग्नात त्याने फोटोपुरतं ऊन पाडलं होतं. रुसून घरी बसलेल्या मामाला त्याने ग्रुप फोटोत हसत उभा केला होता. आणि एका घरी तर तीन वर्षांपूर्वी वारलेले आजोबा नवरदेवाच्या शेजारी उभे केले होते, हातात अक्षता देऊन! त्या घरच्या आजी फोटो बघून आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, की यांनी जिवंतपणी एवढा इस्त्रीचा सदरा कधी घातला नव्हता.

त्यामुळे भाविकाच्या शाळेने रोज एक फोटो पाठवायचा हुकूम काढला, तेव्हा सावळारामने मिशीला पीळ दिला. "वत्सला," तो बायकोला म्हणाला, "आता ही शाळा माझ्या हातात आली बघ."

ही शाळा म्हणजे यशोध्रुव विद्यालय. एका ट्रस्टची, शहापूर-मुरबाड रस्त्यावरची. फी नाही, पण प्रवेश सोडतीने. पाचवीच्या चाळीस जागांना सहाशे अर्ज, आणि त्यात भाविकाची चिठ्ठी निघाली! सावळारामने अख्ख्या आळीला पेढे वाटले. पेढे संपायच्या आत करारपत्र घरी आलं. त्यात बत्तीस कलमं होती. दहा मुलांसाठी आणि बावीस पालकांसाठी. शाळेत मुलगी घातली की आपण दोघं, हेच नवराबायकोला कळेना. पालकांनी मीटिंगला दहा मिनिटं आधी यायचं, अभ्यासाच्या वेळी टीव्ही बंद ठेवायचा, मुलांसमोर भांडायचं नाही. या शेवटच्या कलमावर वत्सलाने विचारलं, की मग भांडायचं कुठे? सगळ्यात भयंकर होतं एकतिसावं कलम. पालकाला तीन लाल शेरे मिळाले, की मुलाची जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलाला.

आणि प्रतीक्षायादीतला पहिला मुलगा होता शेजारच्या जयरामचा बंटी.

दिवाळीपर्यंत सावळारामच्या नावावर दोन लाल शेरे लागले होते. पहिला डब्यात सुकट दिली म्हणून. डबा उघडल्यावर वर्गातल्या एकोणचाळीस मुलांनी एकदम नाकं धरली म्हणे. दुसरा त्याहून वाईट. पालकसभेत प्राचार्य 'एकाग्रता' या विषयावर बोलत असताना सावळारामच्या खिशातला फोन हळदीचं गाणं घेऊन ठणाणा वाजला, आणि गडबडीत बंद करायच्या ऐवजी त्याने आवाज वाढवला. तेव्हापासून जयराम रोज सकाळी कुंपणापाशी दात घासत उभा राहायचा आणि विचारायचा, "अजून दोनच ना रे?" विचारणं काळजीचं होतं, पण काळजी कुणाची ते दोघांनाही माहीत होतं.

अशात डिसेंबर आला, आणि शाळेने तो महिना 'पिता-सहभाग मास' म्हणून जाहीर केला. रोज संध्याकाळी सात ते नऊ वडिलांनीच मुलाच्या शेजारी बसायचं. आई चालणार नाही, काका चालणार नाही. पावणेनऊच्या आत वर्गाच्या ग्रुपवर फोटो. रविवारीसुद्धा! सावळाराम ते वाचून मटकन खाली बसला. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, आणि त्याच्याकडे त्या महिन्यात बावीस हळदी. हळद काही सकाळी नऊला लागत नाही. हळद संध्याकाळीच.

पण तो फोटोवाला होता. तीस नोव्हेंबरला रविवार होता, आणि त्या एका दिवसात त्याने एकतीस दिवसांचा अभ्यास उरकला.

काय ती तयारी! खिडकीला मांडवाचं काळं कापड लावून त्याने सकाळी आठला रात्र केली. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. घड्याळाचे काटे दर फोटोला थोडे पुढेमागे केले. स्वतःचे नऊ शर्ट, भावाचे चार, आणि पंधरा तारखेनंतर थंडी वाढेल म्हणून स्वेटर. पुस्तकाची पानं नवव्या धड्यापासून हळूहळू चौदाव्यापर्यंत नेली. भाविकाच्या वेण्या वत्सलाने एकतीस वेळा सोडून एकतीस वेळा घातल्या.

"पप्पा, हे खोटं हाय ना?" भाविकाने सातव्या वेणीला विचारलं.

"खोटं नाय गो, ॲडव्हान्स हाय."

वत्सलाची एक कोंबडी होती. उघड्या मानेची, ठिपक्यांची, आपली ओळखू यावी म्हणून पायाला निळी चिंधी बांधलेली. ती दिवसभर आत येई आणि भाविकाच्या मागे तांदळाच्या गोणीवर चढून बसे. वत्सला तिला हाकलायला उठली तर सावळारामनेच अडवलं. असू दे, म्हणाला, फोटोत घरपण येतं. कलाकार माणूस तो!

ठरल्याप्रमाणे रोज पावणेनऊला वत्सला एकेक फोटो पाठवू लागली. सावळाराम खर्डीला, किन्हवलीला, मुरबाडला हळदी टिपत होता आणि ग्रुपवर शेणव्यात मान खाली घालून मुलीला भूगोल शिकवत होता. वर्गशिक्षिका दीप्ती मॅडम रोज एक चांदणी देत. अकरा तारखेपर्यंत अकरा चांदण्या झाल्या. मग मॅडमचा निरोप आला. महिन्याचा 'आदर्श पिता' म्हणून सावळारामचं नाव पुढे आहे, त्यासाठी गृहभेट घ्यावी लागेल, रविवारी चौदा तारखेला दुपारी येते. ही बातमी ऐकून जयरामच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला.

मॅडम आल्या. पंचविशीच्या, चष्मा लावलेल्या, हातात तक्ता. दारातच थांबून त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. "अय्या, ही तर फोटोतली! रोज अभ्यासाला बसते ती. पायाला निळी पट्टी कशाला?" सावळारामने मोठ्या कौतुकाने खूण समजावून सांगितली. मॅडमनी तक्त्यात 'घरात प्राण्यांविषयी प्रेम' असं लिहिलं. मग त्यांनी अभ्यासाची जागा बघितली, वह्या बघितल्या, भाविकाला तीन गणितं घातली आणि तिन्ही बरोबर आली.

आता मॅडम घरी आल्या आणि जेवल्याशिवाय गेल्या, असं शेणव्यात होत नाही. रविवार होता, चालतं का विचारलं तर मॅडम लाजून चालतं म्हणाल्या. सावळाराम त्यांना लग्नांचे अल्बम दाखवत बसला आणि वत्सला मागच्या दाराने कामाला लागली. तासाभराने ताट आलं. तांदळाची भाकरी, रस्सा, वर कांदा. मॅडमनी दोनदा वाढून घेतलं आणि बोटं चाटत सहज विचारलं, की ती आमची विद्यार्थिनी कुठे दिसत नाही?

"ती काय," वत्सला म्हणाली, "तुमच्या ताटात. अंडी द्यायची थांबली व्हती."

मॅडमचा घास हवेत राहिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. पण रस्सा चांगला झाला होता. त्यांनी डोळे मिटून तो घास खाल्ला आणि तक्त्यातली एक ओळ खोडली.

संध्याकाळी सावळाराम मुरबाडकडे एका हळदीला गेला. पावणेनऊ वाजले. वत्सलाने हिशेबाप्रमाणे चौदा नंबरचा फोटो ग्रुपवर टाकला. फोटो गेल्यावर भाविकाने वाकून बघितलं, आणि तिचा हात तोंडावर गेला.

गोणीवर कोंबडी बसली होती. उघडी मान, निळी चिंधी, नजर थेट कॅमेऱ्यात.

फोटो पुसायचा कसा ते वत्सलाला सापडेना, आणि तेवढ्यात मॅडमचा प्रश्न आलाच. 'ही कोंबडी मी आज दुपारी खाल्ली ना?' सगळ्या ग्रुपवर! चाळीस घरांच्या डोळ्यांपुढे! वत्सलाने नवऱ्याला फोन लावला. तिकडे ढोल-ताशे चालू. चौथ्यांदा ओरडून सांगितल्यावर सावळारामला कळलं, आणि कळल्यावर तो मांडवाच्या खांबाला टेकूनच उभा राहिला. तिसरा लाल शेरा! त्याला भाविका दप्तर घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर उभी दिसली आणि फाटकातून आत जाणारा बंटी दिसला. मग अशा वेळी माणूस बोलतो तेच तो बोलला.

"सांग, गंमत केली म्हणून. ती जित्ती हाय, कापली ती दुसरी."

वत्सलाने तसंच लिहिलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'ठीक आहे. उद्या सकाळी साडेनऊला कोंबडी घेऊन प्राचार्यांच्या ऑफिसात या.'

ज्याच्या घरची हळद होती तो धाऊ सावळारामचा जुना दोस्त. सगळं ऐकून तो पोट धरून हसला, पण खुराड्यात हात घालून एक पक्षी काढून त्याने गोणपाटात बांधला. घे, म्हणाला, मानेला नागडी, अंगाला ठिपके, तुझ्या मॅडमचा बापही ओळखायचा नाही. सावळारामने मांडवाच्या निळ्या कापडाची चिंधी फाडून पायाला बांधली आणि सकाळी गोणपाटासकट थेट शाळा गाठली. वत्सला आणि भाविका फाटकाशीच भेटल्या. बोलायला वेळ नव्हता. दहा मिनिटं आधी यायचं कलम होतं.

प्राचार्य बारीक आवाजाच्या, कुणावर न ओरडणाऱ्या बाई होत्या, आणि म्हणूनच सगळे त्यांना जास्त घाबरत. त्यांनी टेबलावर फोटोंचे कागद तारखेवार मांडले होते. बाजूला दीप्ती मॅडम. सावळारामने गोणपाट सोडलं आणि विजयी वीरासारखा पक्षी टेबलावर ठेवला.

"ही बघा मॅडम. जित्ती."

दीप्ती मॅडमनी मान बघितली, ठिपके बघितले, चिंधी बघितली. त्यांचा चेहरा सैल होऊ लागला. सावळारामने मिशीकडे हात नेला. पण वत्सला पक्ष्याच्या पायांकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडत चालला होता. ती नवऱ्याच्या कानाशी लागली.

"अवो, हा कोंबडा हाय."

पक्ष्याने पंख झाडले, मान ताणली, आणि नुकत्या फुटलेल्या घोगऱ्या आवाजात प्राचार्यांच्या तोंडावर बांग दिली.

सावळाराम हळदीचा, धाऊचा, अंधाराचा काहीतरी खुलासा करत राहिला आणि तो कुणीच ऐकला नाही. प्राचार्यांनी भाविकाला जवळ बोलावलं आणि विचारलं, की बाळ, रोज अभ्यासाला शेजारी कोण बसतं?

"आई," भाविका म्हणाली. "पप्पा एकच दिस बसले. सकाळपासनं दिवे लागेपर्यंत. तेवढा येळ पप्पा माझ्याजवळ कधीच बसले नवते. मला तो दिस लय आवडला, बाई."

सावळारामला वाटलं होतं, पोर रडेल नाहीतर आपली बाजू घेईल. हे असलं काही ती बोलेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. एकतीस फोटोंत त्याने तिची वेणी बघितली, तिच्यावर पडलेला उजेड बघितला, आणि पोरगी दिवसभर खूश होती एवढंच बघायचं राहिलं. त्याला मनापासून लाज वाटली. त्याने हात जोडले आणि शेरा द्यायचा तर मला द्या, पोरीची जागा काढू नका, एवढंच म्हणाला.

प्राचार्यांनी भाविकाच्या वह्या चाळल्या. बराच वेळ चाळल्या. मग त्यांनी सावळारामच्या नावापुढे तिसरा शेरा लिहिला, पण पेन्सिलीने. पेन्सिल खोडायची की शाईने गिरवायची, ते मार्चमध्ये ठरेल. तोवर सावळारामने रोज सात ते नऊ मुलीशेजारी बसायचं, तिच्याबरोबर पाचवीचा अभ्यास करायचा आणि रोज फोटो पाठवायचा. फोटोत मागे हा कोंबडा हवा.

"कोंबडा कशाला, मॅडम?"

"वाढतं वय आहे त्याचं," प्राचार्य म्हणाल्या. "तुरा रोज थोडा मोठा दिसला पाहिजे."

हा घाव सावळारामच्या वर्मी बसला. ऊन पाडता येतं, आजोबा उभे करता येतात, पण कोंबड्याचा तुरा आगाऊ वाढवायची कला त्याच्याकडे नव्हती. उरलेल्या संध्याकाळच्या हळदी त्याने मुरबाडच्या दुसऱ्या फोटोवाल्याला दिल्या. पुढच्या रविवारी खर्डीहून पाहुणे आले, त्यांनी अंगणातल्या कोंबड्याकडे आशेने बघितलं, आणि वत्सलाने त्यांना पिठलं वाढलं.

पहिल्याच संध्याकाळी मात्र सावळाराम सात वाजता मांडी घालून बसला. अपूर्णांकांची बेरीज होती. पाच गणितं त्याने सोडवली, डोकं खाजवून, बोटं मोजून, घामाघूम होऊन. पाचवीत हे एवढं असतं? आपण पाचवी पास झालो तरी कसे, हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला. भाविकाने वही घेतली आणि मॅडमसारखाच लाल पेन काढून तपासायला सुरुवात केली. गोणीवर कोंबडा. दारात जयराम, सहज डोकावायला आलेला.

भाविकाने एक गोल काढला. मग दुसरा. मग तिसरा. वही मिटून तिने बापाकडे बघितलं.

"पप्पा, तीन लाल झाले. आता उठा," ती म्हणाली, "तुमची जागा जयरामकाकाला."