नगररत्नांनी नाव राखिले त्याची हकीकत

शके अठराशे पंचाण्णव, प्रमादीनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी नागपूर शहरी, रामदासपेठेच्या अंगाला जो भाजीबाजार भरतो, तेथील मोजदाद येणेप्रमाणे: ओटे अठ्ठ्याऐंशी. त्यांवर पुरुष छत्तीस, बायका बावन्न. कारंजे एक, बंद. विजेचे खांब सहा, पैकी पेटणारे दोन. संगमरवरी कोनशिला तीन, तिन्ही शाबूत. पुरुषांची मुतारी एक, चार खणांची. बायकांची शून्य. बायकांच्या रांगेपाशी पाण्याचा रांजण एक, आत पंचवीस बोटे खोल. सकाळी सहाला काठोकाठ भरला तो दुपारी बाराला तीन बोटे उतरलेला, आणि उन्हाचा पारा पंचेचाळीसावर. ही मोजदाद करणार सिंधूताई, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकविणाऱ्या. मोजल्यावाचून त्यांचा कशावर विश्वास बसत नसे.

थोरांनी थोर कामे करावी आणि लहानांनी ती लिहून ठेवावी, ऐसा शिरस्ता आहे. परंतु या प्रसंगी थोरांनी जे केले ते लिहून ठेविले नाही तर पुढील पिढ्यांस खरे वाटणार नाही, म्हणोन हे लिहिणे.

तर त्या शहरी नगररत्न प्रतिष्ठान म्हणोन एक मातब्बर संस्था होती. तिचे ब्रीद दोन: नामांकित नागरिकांचा सत्कार करणे आणि शहराची शोभा वाढविणे. दरसाल एक नागरिक निवडावा, त्यास शाल, श्रीफळ आणि नगररत्न हा किताब द्यावा, आणि मग त्याच्या नावे शहरात एक काम उभे करावे. घटनेचे कलम अकरा ऐसे की, रत्नाच्या नावावाचून काम होणार नाही, आणि रत्नाच्या लेखी संमतीवाचून नाव लागणार नाही. या कलमाचा सर्वांस मोठा अभिमान, कारण त्यायोगे शहरात निनावी धोंडा राहण्याची भीती नव्हती. अध्यक्ष भैयाजी, इमारती लाकडाचे व्यापारी. त्यांच्या हाताखाली सभासद अकरा पुरुष, त्यांत मागली रत्नेही, आणि एक स्त्री. स्त्री म्हणजे सिंधूताई. सत्कारमूर्तीस ओवाळण्यास कोणी तरी हवे, म्हणोन त्यांस घेतले होते, आणि सहा वर्षे त्यांनी निरांजनाचे तबक धरिले आणि मसलतीच्या वेळी चहा आला की नाही तेवढे पाहिले.

दोन वर्षांमागे प्रतिष्ठानाने या बाजारावर पहिली स्वारी केली. बाजारामागे नाला, आणि नाल्याच्या काठाने बेशरमीची झुडपे पुरुषभर उंच माजलेली. शहराच्या तोंडावर हा डाग म्हणोन भैयाजींनी फर्मान काढिले आणि खासे उभे राहून झुडपे तोडविली, आणि मग मोकळ्या जागी गणपतराव ट्रकवाले या रत्नाच्या नावे कारंजे बांधिले. कारंजे उद्घाटनाच्या दिवशी सव्वा तास उडाले. त्याउपरी उडाले नाही. बाजारातल्या बावन्न बायकांची शरम तोवर त्या बेशरमीच्या आडोशाने राखिली होती, हे मोहिमेच्या वेळी कोणा वीराच्या ध्यानी आले नाही, आणि ध्यानी आणून देणे कोणा बाईच्या तोंडी आले नाही.

मग दोन उन्हाळे ऐसे गेले. वैशाख वद्य पंचमीस सिंधूताई नित्याप्रमाणे वांगी घेण्यास गेल्या, तो बायजाबाई ओट्यावर आडवी. ही बायजाबाई मौद्याकडची, वयाची साठी गाठलेली, पहाटेच्या मोटारीने वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन यायची आणि दुपारच्या मोटारीने परत जायची. तिचे ओठ फुटलेले, आणि डोळे वर गेलेले. शेजारच्या ओट्यावरची बाई आणि सिंधूताई, दोघींनी धरून सावलीत नेले, तोंडावर पाणी मारिले, आणि ती शुद्धीवर आल्यावर सिंधूताईंनी गडूभर पाणी पुढे केले. बायजाबाईने दोन घोट घेतले आणि गडू खाली ठेविला.

"सगळं प्या," सिंधूताई म्हणाल्या. "अंगात पाणी नाही तुमच्या."

"नाई वं ताई. मोटार दोन वाजता हाये."

"मोटारीचा काय संबंध?"

बायजाबाईने शेजारणीकडे पाहिले आणि शेजारीण हसली. "ताईले समजून नाई राहिलं," शेजारीण म्हणाली. "अवं ताई, पेली तर जाईन कुठी? त्या कारंज्यात?"

ते ऐकून सिंधूताई उठल्या आणि त्यांनी पिशवीतली फूटपट्टी काढून रांजणात घातली, आणि मग त्या घरी न जाता थेट भैयाजींच्या वखारीवर गेल्या.

इकडे प्रतिष्ठानास वेगळीच चिंता लागली होती. कारंज्यालगतचा भूखंड महानगरपालिकेने प्रतिष्ठानास लोकोपयोगी कामासाठी दिला होता, आणि ज्येष्ठ अखेर काम उभे न राहिल्यास तो धंतोलीच्या एका मंडळाकडे जाणार होता. ते मंडळ तेथे कमान बांधणार, ऐशी बातमी जासूदांनी आणिली होती. आपल्या कारंज्याशेजारी परक्याची कमान, या विचाराने भैयाजींचा आहार तुटला होता. तेव्हा सिंधूताईंनी बायकांसाठी संडास बांधण्याची मसलत घातली आणि भैयाजींनी ती तात्काळ मान्य केली, कारण भूखंड राखण्यास काहीही चालण्यासारखे होते. मग मान्य करून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "काम तर करू, ताई. पण नाव कोन देईन?"

येथून खरी मोहीम सुरू जाहली.

पहिला मोर्चा डॉक्टर महादेवराव यांजवर. डॉक्टर मूत्रविकारांचे नामांकित, मुतखड्यासाठी शिवनी-छिंदवाड्यापर्यंतचे रोगी त्यांच्या दारी, आणि यंदाच्या किताबाचे मानकरीही तेच. सिंधूताई संमतीचा कागद घेऊन गेल्या आणि त्यांनी विचारिले की, पाणी न पिण्याने बायकांस काय काय होते. डॉक्टरांनी अर्धी घटका उत्तम विवेचन केले, आणि चित्र काढून दाखविले, आणि बाजारच्या बायका आपल्याकडे फार येतात हेही सांगितले. मग कागद पुढे जाताच ते खुर्चीत मागे सरले. त्यांनी ऐसे कळविले की, कार्य थोर आहे, परंतु दवाखान्याच्या पाटीवर जे नाव तेच तेथे दिसले तर रोग्यांच्या मनात घोटाळा होईल. त्यांस शालीची इच्छा होती. शाल तेवढी घ्यावी आणि नावासाठी एखाद्या वाचनालयाची वाट पाहावी, ऐसे त्यांनी ठरविले.

दुसरा मोर्चा वामनराव वकील यांजवर. हे गेल्या सालचे रत्न. दर गांधीजयंतीस स्वच्छतेवर त्यांचे व्याख्यान होई आणि त्यात स्वच्छता ही देवपूजा आहे ऐसे ते डोळे मिटून सांगत. त्यांच्या नावे गेल्या साली दोन बाक बसविले होते, परंतु ते त्यांस पुरेसे वाटत नसत. सिंधूताईंनी त्यांस म्हटले, "वामनराव, तुम्ही म्हणता तसं देऊळच बांधतोय." वामनरावांनी डोळे उघडले. त्यांनी ऐसा निवाडा दिला की, माझ्या विचारांचा प्रसार व्हावा, नावाचा नको; आणि नाव टाळण्याचा हा त्याग आपण कोठे बोलू नये, ऐसेही बजाविले. तो त्याग सायंकाळपर्यंत त्यांनी स्वतःच चार घरी सांगितला.

मग गणपतरावांस विचारिले, तो त्यांनी कारंज्यावर आपले नाव आहे आणि एका रत्नास दोन कामे शोभत नाहीत म्हणोन सांगितले. हे तेच गणपतराव, ज्यांनी कारंजे बंद पडल्यावर दुसरे काम मागण्यास तीन वेळा अर्जी दिली होती.

मग दरबार भरला. भैयाजींच्या वखारीत सागवानाच्या थप्प्यांमध्ये खुर्च्या मांडिल्या आणि अकरा वीर दुसऱ्यांची नावे सुचवू लागले. एकाने आपल्या साडूचे नाव दिले. दुसऱ्याने धंतोलीच्या मंडळाच्या अध्यक्षांचे नाव दिले, ते सर्वांस फार आवडले, परंतु संमती मिळेना. शेवटी खुद्द भैयाजींनी आपल्या कैलासवासी सासूबाईंचे नाव दिले, आणि टाळ्या पडल्या, आणि ठराव लिहिला गेला. सासूबाई कैलासवासी, संमती कोणाची घ्यावी हा पेच पडला, तो मुलीची चालेल ऐसे ठरले. दुसरे दिवशी भैयाजी बैठकीस आले. त्यांनी ठराव मागे घेतला आणि सांगितले की, आज सकाळपासून आपणांस घरी चहा मिळालेला नाही.

ज्येष्ठ लागला. भूखंडावर विटा पडल्या होत्या, गवंडी बसून होते, आणि कलम अकरा आडवे होते. सिंधूताईंनी ते कलम सात वेळा वाचले. मग त्या बाजारात बायजाबाईच्या ओट्यापाशी जाऊन बसल्या आणि सारी हकीकत सांगितली. बायजाबाई वांग्यांवर पाणी शिंपडत ऐकत होती.

"म्हंजे नावासाठी अडून राहिलं?" ती म्हणाली.

"हो."

"मंग माहं घाला."

"लोक हसतील, बायजाबाई. विचार करा."

"आत्ता का रडून राहिले लोक?" बायजाबाई म्हणाली. "माह्या नावाले कोनतं दुकान हाये, का कोनता दवाखाना हाये, का ते खराब होईन? घाला."

शेजारीण म्हणाली, "अवं, मंग तुह्या नावावर बसतीन ना सारे जन."

"बसू दे. तू पयली बसजो."

परंतु नाव लागावयाचे तर रत्न पाहिजे, आणि रत्न व्हावयाचे तर दरबाराने निवडले पाहिजे. सिंधूताईंनी दरबारात नाव ठेविले तेव्हा थप्प्यांमागे रंधा चालत होता तोही थांबला. गणपतराव म्हणाले की, ज्या शालीने आमचा सत्कार जाहला तीच शाल भाजीवालीस दिली तर आमच्या रत्नाची काय किंमत राहिली. वामनराव म्हणाले की, तत्त्वतः विरोध नाही, फक्त हे साल नको. डॉक्टरांनी निरोप पाठविला की, त्यांच्या शालीचे काय. सिंधूताईंनी तबक बाजूस ठेविले आणि सहा वर्षांत प्रथमच उभ्या राहून बोलल्या. "हरकत नाही," त्या म्हणाल्या. "कागद इथंच ठेवते. तुमच्यापैकी कोणीही सही करा, मी बायजाबाईंचं नाव मागं घेते."

कागद अकरा हातांतून फिरला आणि कोरा परत आला. मग ठराव एकमताने मंजूर जाहला. भैयाजी बाहेर पडताना म्हणाले, "ताई, तुमी तर आमाले घेरलंच." त्यांच्या आवाजात सुटका होती.

मानपत्र सिंधूताईंनी लिहिले, कारण बायजाबाईच्या कर्तृत्वात काय लिहावे हे अन्य कोणास सुचेना. त्यात इतकेच होते की, झुडपांचा कोट पडल्यावर बायजाबाईंनी दोन उन्हाळे बाजार लढविला, तहान सोसली, जागा सोडिली नाही, आणि जेथे भल्याभल्या नामवंतांनी नाव आवरून घेतले तेथे आपले नाव पुढे केले. शेवटचे वाक्य भैयाजींनी गाळावयास सांगितले. ते गाळले, परंतु छापखान्यात राहून गेले.

ज्येष्ठ वद्य द्वादशीस समारंभ. निमंत्रणपत्रिकेत वास्तूचे नाव 'महिला विसावा' ऐसे छापिले, आणि विसावा कशापासून ते छापिले नाही. मांडव इमारतीपासून पन्नास पावले दूर आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूस घातला, वास्तविक इमारत कोरी होती आणि तिला फक्त चुन्याचा वास येत होता. बायजाबाई लुगडे नेसून, डोईवर पदर घेऊन बसली, आणि वैशाखाला लाजविणाऱ्या त्या उन्हात तिच्या खांद्यावर लोकरी शाल घातली, आणि सिंधूताईंनी ओवाळिले. मग भैयाजी बोलावयास उठले. त्यांनी नगराच्या शोभेचा इतिहास आपल्या वखारीच्या स्थापनेपासून आरंभिला आणि कारंज्यापर्यंत येता येता पाऊण तास गेला, आणि वास्तू या शब्दापलीकडे ते गेले नाहीत. बायजाबाईने त्या दिवशी सिंधूताईंच्या सांगण्यावरून तीन पेले पाणी घेतले होते. तिने एकदा शेजारणीकडे पाहिले, एकदा इमारतीकडे पाहिले, आणि मग नारळ सिंधूताईंच्या हाती देऊन ती शालीसकट उठली.

भैयाजी म्हणाले, "बायजाबाई, बसा. फीत कापाची हाये अजून. मंत्र्यांचे पीए येऊन राहिले."

"तुमी चालू द्या गा भाऊ," बायजाबाई म्हणाली. "मले नाई थांबता येत."

ऐसे म्हणोन ती मांडवातून निघाली, पन्नास पावले चालून गेली, फीत हाताने वर उचलली आणि आत शिरली. मग शेजारीण उठली. मग तिच्यामागची. मग बाजारच्या बावन्नही उठल्या आणि दाराशी रांग लागली, आणि समोर पांढऱ्या टोप्या तेवढ्या उरल्या. वामनराव व्याख्यानासाठी कागद काढून बसले होते, त्यांनी तो घडी करून खिशात ठेविला. भैयाजींनी भाषण पूर्ण केले, कारण थांबणे त्यांस ठाऊक नव्हते. मंत्र्यांचे पीए आले तेव्हा फीत बायकांच्या ओल्या हातांनी भिजून लोंबत होती, आणि कारण विचारण्याचे त्यांनी टाळिले.

येणेप्रमाणे भूखंड राखिला, धंतोलीची कमान हटविली, आणि प्रतिष्ठानाने आपल्या वार्षिक वृत्तांतात संपूर्ण फत्ते नोंदविली. महादेवराव, वामनराव, गणपतराव आणि भैयाजींच्या सासूबाई, सर्वांची नावे निष्कलंक राहिली. ती त्याउपरी बाजारात कोणी घेतली नाहीत. उलटपक्षी, चार दिवसांत ओट्याओट्यांवर ऐसे ऐकू येऊ लागले: "वं, माह्या मालाकडे पाह्य जरा. बायजाबाईकडे जाऊन येतो." बायजाबाईने ते प्रथम ऐकिले तेव्हा "ये जाऊन, मी कुठी पळून राहिली," ऐसे म्हटले, आणि बाजार दुपारपर्यंत हसत होता.

आषाढ शुद्ध पंचमीस, शाळेस सुटी असता, सिंधूताईंनी फूटपट्टी घेऊन रांजण पुन्हा मोजिला. सकाळी सहाला पाणी काठोकाठ, पंचवीस बोटे. दुपारी बाराला, तळापासून तीन बोटे.