एक गरम रोडगा

सुखदेवकाका इंगळे गोवरी विकत घेताना ती आधी कानाशी धरतात आणि तिच्यावर टिचकी मारतात, आपण टरबुजावर मारतो तशी. मग डोळे मिटून ऐकतात. गोवऱ्या विकणाऱ्या बाईंनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या दोन पावलं मागे सरकल्या होत्या.

"काका, शेणाची गोवरी हाय थे. रेडिओ नाही."

"बोलली पाह्यजे, बाई! वली गोवरी मुकी राह्यते. मुक्या गोवरीवर रोडगा कच्चा राह्यते."

आता रोडगा म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगून टाकतो. जाडसर कणकेच्या पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. भाजला की राख झटकायची, मुठीने फोडायचा, वर तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ज्याने हे आयुष्यात खाल्लेलं नाही त्याच्याबद्दल काकांना जे वाटतं, ते छापण्यासारखं नाही.

काका अमरावतीत आमच्या शेजारी राहतात. चौतीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होते. "खांबावरून जेवढं गाव दिसते ना, तेवढं कलेक्टरलेबी दिसत नाही," असं ते छाती काढून सांगतात. खांबावर चढून त्यांनी तारा जोडल्या, हे खरंच. पण माझा दाट संशय आहे की त्यांनी वरून मुख्यतः झाडं हेरली. कुठल्या झाडाखाली काय खावं याचे त्यांचे नियम ठरलेले आहेत. आंब्याखाली रोडगे. कडुलिंबाखाली हुरडा. बोरीखाली फक्त पोट्टे आणि भांडणं. बाभळीखाली सासुरवाडीचे लोक बसवावेत.

त्यांचा आवडता शब्द 'मोकयात'. म्हणजे मोकळ्यात. सर्दी झाली? "मोकयात या!" नोकरी लागत नाही? "मोकयात या ना बाप्पा!" एकदा मुलाने हौसेने त्यांच्यासाठी सेमाडोहच्या जंगल सफारीचं बुकिंग केलं. काका भडकले.

"वाघ मोकयात अन् मी डब्यात? त्यानं मले पाहाचं का म्या त्याले?"

हिवाळा लागला की दर रविवारी ते आम्हा पाच-सहा जणांना स्कूटरींवर घालून मोर्शी रस्त्याला नेतात. तिथे त्यांच्या एका दोस्ताची संत्र्याची बाग आहे आणि बागेच्या टोकाला, नाल्याच्या काठावर, एक ऐसपैस आंबा. तिथे काका म्हणजे सेनापती. वाऱ्याचा अंदाज घ्यायला बोट चाटून हवेत धरतात. त्यांचा कायदा एकच: निखाऱ्यावरून नजर हटवायची नाही. माझ्या साडूने मागे फोन घेण्यासाठी पाठ फिरवली, तर त्याला जेवणात नुसतं वरण मिळालं. "तुले फोन पाह्यजे होता ना? आता त्याच्यात कालव," असं काकांनी त्याला ऐकवलं. साडू आजतागायत परत आलेला नाही.

या साम्राज्याला एकच माणूस शरण आला नव्हता. काकू.

दर शनिवारी संध्याकाळी काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. "येतं का उद्या?" आमची भिंत सामाईक आहे, त्यामुळे पुढचं सगळं मला फुकटात ऐकू येई.

"चोवीस वर्स मी चुलीपुढे डोये चोयत बसली! घरात गॅस आला तवा त्याले हयदकुकू लावलं म्या. अन् आता तुमी म्हनता, धूर खाले चाल? अन् तेबी पेट्रोल जायून?"

काका गोवऱ्या मोजायला निघून जात. ते रविवारी चार रोडगे डब्यात घालून घरी आणत. काकू ओट्याशी उभ्याउभ्याच खात आणि म्हणत, "गार झाले." काका म्हणत, "मोकयात येत जाय मंग." असं सुमारे बारा हिवाळे चाललं.

यंदा डिसेंबरातल्या एका रविवारी मी डबा पोचवायला काकांसोबत आत गेलो होतो. काकूंनी घास घेतला, "गार झाले," म्हणाल्या आणि मग माझ्याकडे बघून, कसलीही तक्रार नसल्यासारख्या, पुढे म्हणाल्या, "रोडगे तं म्या हजारानं केले, सुधीर. पन गरम कवा खाल्ला मले याद नाही. पंगत उठेपर्यंत गारच होत."

मी काकांकडे पाहिलं. ते 'मोकयात' म्हणाले नाहीत. आठवडाभर त्यांनी कोणाला काही ऐकवलं नाही, तेव्हा माझ्या बायकोने मला त्यांचं बीपी विचारून यायला सांगितलं.

शनिवारी भिंतीपलीकडून आवाज आला. "उद्या सगळं मी करतो. तू नुसती बस."

मग काकू म्हणाल्या, "खाली बसनं होत नाही मले. गुडघे."

"खुर्ची नेतो."

अशा रीतीने रविवारी सकाळी अमरावतीकरांनी एक अपूर्व दृश्य पाहिलं. पुढे काका, त्यांच्या मागे काकू आणि मागच्या स्कूटरवर माझ्या बायकोच्या पाठीशी मी, डोक्यावर प्लास्टिकची लाल खुर्ची उलटी घालून.

काकांनी आंब्याखाली खुर्ची मांडली. काकू तिच्यावर पाहुण्यासारख्या अवघडून बसल्या. हाताला काही काम नाही म्हणून पदराची घडी घालत, मोडत राहिल्या. काकांनी गोवऱ्या रचल्या, विस्तव केला, कणीक मळली. मी मदतीला सरसावलो तर म्हणाले, "हट! आज मी."

रोडगे निखाऱ्यात गेले आणि वारा फिरला. बाजूच्या चुलीवर वांगी शिजत होती, तिचा सगळा धूर काकूंकडे. काका धावले. "ऊठ, ऊठ!" खुर्ची दुसरीकडे. पाच मिनिटांत वारा पुन्हा फिरला. खुर्ची नाल्याकडे. मग तिथे ऊन आलं. खुर्ची पुन्हा झाडाच्या बुंध्याशी. त्या आंब्याला प्रदक्षिणा घालणारी खुर्ची, ती एका हातात उचलून दुसऱ्या हाताचं चाटलेलं बोट हवेत धरलेले सेनापती आणि सेनापतींमागे काकू!

"अवो, बसू द्या ना एका जागी! नवरी हाव का मी, फिरवून राह्यले ते?"

आम्ही हसत होतो. तेवढ्यात जळका वास आला.

काकांनी चिमटा घेऊन राख उकरली. एक रोडगा निघाला, कोळसा. दुसरा, कोळसा. आठवा, नववा, सगळे काळे ठिक्कर. काका उकिडवे बसून राहिले. साडूला ज्या गुन्ह्यासाठी हद्दपार केलं होतं, तो त्यांनी स्वतः केला होता आणि नेमका याच रविवारी. कोणी थट्टा केली नाही. माझ्याकडे तीन विनोद तयार होते, तेही मी गिळले.

खुर्चीवरून आवाज आला. "त्या कडेचा काढा. इस्तो तिकडे कमी होता. थो वाचला असन."

काकांनी काठाची राख बाजूला केली. एक रोडगा. बदामी, तडकलेला, फुगलेला. हजारांचा अनुभव तो!

काकांनी तो धोतराच्या जुन्या तुकड्याने पुसला, मुठीने फोडला, तूप ओतलं, पळसाच्या पानावर ठेवला आणि काकूंच्या हातात दिला. वाफ निघत होती. काकूंनी पान मांडीवर घेतलं आणि लगेच आमची डोकी मोजायला लागल्या. चटके बसत असतानाही त्यांची बोटं रोडग्याचे तुकडे करू लागली. एक माझ्या बायकोला, एक मला...

"कोनाले देऊ नको," काका हळूच म्हणाले.

"अवो, लोकं उपाशी हायेत."

"राहू दे उपाशी. एक दिवस."

काकूंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे एकदम आंब्याच्या शेंड्याकडे बघू लागलो. मग त्यांनी एक तुकडा उचलला, फुंकर घातली, तोंडात टाकला. चटका बसला, तसा तोंडापुढे हात हलवला. पुन्हा एक घेतला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

"हो, कमीच हाय," काका म्हणाले. काकांच्या मते त्यांच्या रोडग्यात आजवर कधी काही कमी नव्हतं.

वारा परत फिरला. चुलीत कोणीतरी ओली काडी सारली होती आणि दाट पांढरा धूर सरळ खुर्चीकडे निघाला. या वेळी काकांनी खुर्ची उचलली नाही. ते चुलीच्या आणि खुर्चीच्या मधे जाऊन उभे राहिले, पाठ धुराकडे करून. धूर त्यांच्या खांद्यांवरून, कानांवरून वर जाऊ लागला. ते खोकले, पण हलले नाहीत.

"सरका ना वो तिकडे! धुरात काहून उभे राह्यले?"

"मले काई होत नाही," काका डोळे मिटूनच म्हणाले. "तू खाय. गरम हाय तवर."